नजरेपुढची जागा

माझी लेक ठमी दुपारी झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली पहिली पाच ती श्वास घेतेय ना हे बघण्यात जातात. नाकाखाली बोट धरायचं, ऊब लागली की काढायचं, दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. सासूबाई म्हणतात, "अगं, झोपू दे तिला. सारखी नाकाशी बोट नेत राहिलीस तर एक दिवस चावेल तुला." तरी मी परत येतेच.

उरलेल्या वेळात मी मासिक बघते. वाचत नाही, बघते.

बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी सहा वर्षं मी याच फॅशनच्या मासिकाची पानं मांडत होते. फोटो केवढा, मथळा कुठे, मजकूर कुठून सुरू व्हायचा आणि मुख्य म्हणजे कुठे काहीच ठेवायचं नाही, हे ठरवणं माझं काम. आता अंक पाकिटातून घरी येतो. पाकीट फोडलं की आधी शाईचा वास घ्यायचा. मग अंगठ्याने पानं सोडायची. तो आवाज ऐकला की मला एकदम माझी खुर्ची आठवते, तिचं डावीकडे कलणारं चाकसुद्धा.

या महिन्याच्या अंकात एक मोहरीच्या रंगाचा झगा होता. बाई पायऱ्यांवर उभी, आणि तिच्यापेक्षा तिची सावलीच मोठी. फोटो काढणाऱ्याने दोन तृतीयांश चौकट सावलीलाच देऊन टाकली होती. ज्याने पान मांडलं त्याने मथळा त्या सावलीत ठेवला होता, पांढऱ्या बारीक अक्षरांत, कुजबुजल्यासारखा. मीही तिथेच ठेवला असता. हे कळून आनंद व्हायला हवा होता. पण जेवणाच्या खोलीत उभं राहून दुसऱ्याच्या ताटातला घास मोजावा तसं झालं मला.

सासूबाईंनी चष्मा लावून ते पान लांब धरलं. "एवढा कागद कोरा सोडलाय. शाई संपली होती का?"

"आई, ती जागा मुद्दाम सोडलेली असते."

"मुद्दाम! आणि हिचं काय बिनसलंय? चेहरा बघ, जशी गॅसवर दूध ठेवून आलीय."

मी हसले. मग वाटलं, खरंच की. सगळ्या पानांवरच्या सगळ्या बाया कुठेतरी काहीतरी ठेवून आल्यासारख्याच बघत असतात.

आमच्या कलाविभागाच्या प्रमुखांना आम्ही माघारी घडीसर म्हणतो. हातात आलेला कुठलाही कागद ते आधी मधोमध दुमडतात. जेवणाचं बिल असो की डॉक्टरची चिठ्ठी. मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. फोटोतलं माणूस जिकडे बघतंय तिकडे जागा सोड, नजरेला चालायला वाट लागते. पान झालं की उलटं करून बघ. उलटं केलं की माणूस दिसत नाही, फक्त काळ्या-पांढऱ्याचं वजन दिसतं, आणि वजन खोटं बोलत नाही.

मंगळवारी त्यांचा फोन आला.

"काय चाललंय?"

"ठमीला दात येतायत, सर."

"येणारच. आठ पानं आहेत." सर नेहमी असंच बोलतात, मधलं वाक्य खाऊन. "वरच्यांचं म्हणणं, पुढच्या अंकापासून पानं बाहेरच्या कंपनीकडून मांडून घ्यावीत. मी म्हटलं, माझं माणूस रजेवर आहे, येतंय. ते म्हणाले, येईल तेव्हा बघू. तर ही आठ पानं तू कर. नीट झाली तर सोमवारी तू तुझ्या खुर्चीत. नाही झाली तर मला बोलायला तोंड नाही."

"कधीपर्यंत?"

"शुक्रवारी चार. चारला छापखान्यात जाणार."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ठमीच्या नाकाशी दोनदा बोट धरून आले. जागा जाईल म्हणून की मिळेल म्हणून, ते मात्र कळेना.

दोनशे तेरा फोटो आले. रिकाम्या घरात फिरणारी एक मुलगी, अंगात राखाडी लोकरीचा लांब कोट. तेवढंच. पण कोट असा शिवलेला की ती वळली की तो तिच्यानंतर अर्ध्या क्षणाने वळायचा, आणि फोटो काढणाऱ्याने नेमका तो अर्धा क्षण धरला होता. उजेड एकाच खिडकीचा. किती महिन्यांनी मला असं वाटलं की माझे डोळे भुकेले होते.

नवरा मागून डोकावला. "सगळे सारखेच तर आहेत."

"यात तिचा खांदा दमलाय. यात नाही."

"खांदा कसा दमतो?"

"माझा बघ."

तो ठमीला उचलून घेऊन गेला.

बुधवार-गुरुवार मी चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत काम केलं. सहा पानं मनासारखी झाली. शेवटची दोन समोरासमोरची पानं राहिली होती. मासिक मिटायच्या आधी डोळ्यांसमोर राहतं ते हे. त्यासाठी मी तिचा चेहरा निवडला. अगदी जवळून घेतलेला, थेट आपल्याकडे बघणारा, पापणीवरचा एक सुटा केस दिसेल इतका. तो मी दोन्ही पानं भरून पसरला. अक्षर एकही नाही. पडद्यावर तो चेहरा उजळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

शुक्रवारी एक वाजता पानं पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"पोचली. डमी करून बघितलीस ना?"

डमी म्हणजे पानं खऱ्या मापात छापून, जुन्या अंकात डकवून, हातात धरून, उघडून-मिटून बघायची. पडद्यावर मासिक सपाट असतं. हातात ते कधीच सपाट नसतं. मधली घडी दोन्हीकडचा बोटभर भाग गिळून टाकते. आमच्याकडे डमी केल्याशिवाय कुणी चहालासुद्धा उठत नाही. पण घरी छापायचं यंत्र लहान, ठमी नुकती झोपलेली, आणि यंत्राचा आवाज गिरणीसारखा.

"हो सर," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

ठमीच्या नाकाशी बोट धरून आले. मग परत गेले, परत आले. ती ठीक होती. ठीक मीच नव्हते. शेवटी दार ओढून घेतलं आणि यंत्र लावलं. एकेक पान चार-चार तुकड्यांत निघालं, चिकटपट्टीने जोडलं, मोहरीच्या झग्याच्या अंकात डकवलं. उघडलं.

नाक नव्हतं.

नाक आणि ओठांचा मधला भाग घडीत गेला होता, आणि दोन डोळे एकमेकांना खेटून बसले होते, बसमध्ये तिसऱ्याला जागा देताना सरकावं तसे. कॉलेजातून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात ही चूक करतात. मी स्वतः दोघांना त्यावरून रडवलं आहे.

यंत्राने व्हायचं तेच झालं, ठमी उठली. सासूबाई तिला घेऊन आल्या आणि जमिनीवर सोडलं. ती रांगत थेट त्या पानांवर. तिने पान मिटलं, चेहरा गेला. उघडलं, चेहरा आला. खिदळली. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. मग थांबली, वाकून बघू लागली आणि आपलं ओलं बोट तिने मधल्या घडीत खुपसलं, नेमकं नाक असायला हवं तिथे.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आईवर गेलीय. नाकच शोधतेय."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. सासूबाई घाबरल्या. "अगं, काय झालं? पोर रडत नाहीये, तू काय रडतेस?"

मला काय झालं होतं ते आत्ता समजत होतं. अकरा महिने मी एकच चेहरा इतक्या जवळून बघत होते, वीतभर अंतरावरून, श्वास मोजत. दोनशे तेरा फोटोंतून मी सरळ तसाच उचलला होता, वीतभर अंतरावरचा. मासिक मात्र लोक हातभर लांब धरतात.

फोन लावला. "सर, मी डमी केली नव्हती."

"माहितीय."

"कसं?"

"डमी केलेलं माणूस 'हो सर' म्हणत नाही. आधी छापखान्याला दोन शिव्या घालतं." मग म्हणाले, "दोन वाजलेत. मी चारपर्यंत पानं सोडत नाही. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

सासूबाई ठमीला कडेवर घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. ठमीने भोकाड पसरलं.

मी दोनशे तेरा फोटो पुन्हा उघडले. या वेळी खुर्ची मागे ओढली, पडद्यापासून हातभर लांब बसले. एकशे सदतीस नंबरचा फोटो मी आधी बघितलासुद्धा नव्हता. फोटो काढणाऱ्याने नुसता उजेड तपासायला काढलेला असणार. मुलगी पार डाव्या कडेला, एवढीशी, कोटाची एक बाही चौकटीबाहेर गेलेली. चेहरा धड दिसतही नव्हता. ती उजवीकडे बघत होती. तिच्यापुढे रिकामी भिंत, रिकामी जमीन, आणि पार दुसऱ्या टोकाला एक दार, अर्धं उघडं.

घडी येत होती ती रिकाम्या भिंतीवर. गिळ म्हटलं, काय गिळायचं ते.

फोटो बसवताना आतून रडणं चालूच होतं. ती रडण्याची कुठली पायरी आहे ते मला भिंतीपलीकडूनही कळतं. ही भुकेची नव्हती, हट्टाची होती. मग रडणं एकदम थांबलं. ते जास्त वाईट. रडतेय तोवर श्वास चालू आहे एवढं तरी माहीत असतं. माझं बोट माउसवर होतं आणि पाय जमिनीवरून उचलले गेले होते. दार सहा पावलांवर होतं.

उठले नाही. फोटो केसभर उजवीकडे सरकवला. छापला, जोडला, डकवला, उघडला. पान उघडताना आधी ती दिसायची, मग बराच वेळ काही नाही, मग दार. उलटं करून बघितलं. डावीकडे एक राखाडी वजन, उजवीकडे दाराची काळी पट्टी, मधे नुसता उजेड. बसलं होतं. तीन पन्नासला पाठवलं आणि आत धावले.

ठमी सासूबाईंच्या चष्म्याची काडी चघळत होती.

"कधीची गप्प आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझं झालं का?"

सव्वाचारला सरांचा निरोप आला. एकच शब्द, 'सोमवार'.

सोमवारी निघताना ठमी रडली नाही. नुसती बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला पहिल्या चौकापर्यंत वाटत होतं, आणि त्यानंतरही.

खुर्ची तशीच डावीकडे कलत होती. आमच्या विभागाच्या भिंतीवर चालू अंकाची सगळी पानं छोटी करून क्रमाने लावलेली असतात. येता-जाता बघायची आणि खटकलं की तिथेच पेन्सिलने खूण करायची. माझ्या आठ पानांवर एकही खूण नव्हती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. कोटाचा तो अर्धा क्षण, ती खिडकी. किती दिवस मला इथे उभं राहायचं होतं. आणि दर दोन मिनिटांनी मी फोन बघत होते.

साडेअकराला सासूबाईंनी फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'खाल्लं. काळजी नको.'

फोटोच्या एका कोपऱ्यात त्यांचं बोट आलेलं. चौकट तिरकी. ठमी पार डाव्या कडेला, एक हात कापला गेलेला, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. ती उजवीकडे बघत बसली होती. तिच्यापुढे आमच्या खोलीची सगळी रिकामी फरशी, आणि तिच्या शेवटी आमचं दार, बंद.

सर मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. "हा कुठल्या अंकाचा?"

"कुठल्याच नाही, सर. सासूबाईंनी काढलाय."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "त्यांना विचार, येतात का इथे कामाला." मग म्हणाले, "कुठूनही कापू नकोस," आणि हातातला कागद दुमडत निघून गेले.

मी तो छापला, भिंतीवरच्या पानांच्या मापात. टेबलावर ठेवला आणि सवयीने उलटा केला. उलटं केलं की माणूस दिसत नाही, फक्त वजन दिसतं.

मी तो आणखी थोडा लांब धरला. आणखी थोडा. हात पुरा होईपर्यंत.

तरी मला तीच दिसत होती.