सात झाकणांची डबी आणि लाल तांदळाची बाटली

मित्रांनो, माझ्या अंगावर सात झाकणे आहेत. आठवड्याच्या एकेका वाराचे एकेक. त्यातले गुरुवारचे आता नीट लागत नाही, आणि माझा आकाशी रंगही उडून गेला आहे. लोक मला गोळ्यांची डबी म्हणतात. नाव साधे आहे, काम मात्र साधे नाही. माझ्या पोटात जे पडते ते सकाळी माणसाच्या पोटात जाते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले, साचा मिटला, उघडला आणि मी खटकन बाहेर पडले. तिथून मी आले फिनलंडच्या पूर्वेकडे, तळ्याकाठच्या एका गावातल्या औषधांच्या दुकानात. हिल्का नावाच्या बाईने मला तिच्या आईसाठी घेतले. त्या म्हातारीची नजर गेली होती, पण बोटे हुशार होती. झाकणावरची अक्षरे चाचपून ती वार ओळखायची. तिला बघायला येणारी नर्स म्हणायची, "या घरात सगळ्यात शहाणी कोण, तर ही डबी!" मी फुलून जायचे.

मग म्हातारी गेली आणि मला कोणी विचारेना. हिल्काने माझ्यात बटणे भरली. सोमवारच्या घरात शर्टाची, मंगळवारच्या घरात कोटाची. ज्याने औषधे सांभाळली त्याला बटणे सांभाळायला लावली की कसे वाटते, हे तुम्हाला काय सांगू! मी खणात धूळ खात पडले.

मला पुन्हा बाहेर काढले ते ओस्मोमुळे. ओस्मो हिल्काचा नवरा. जन्मभर जंगलात लाकूड कापायचे यंत्र चालवलेला, आडदांड, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! त्या शरदात गावच्या आरोग्यकेंद्रात त्याचे रक्त तपासले, तर कोलेस्टेरॉल भलतेच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. एक रक्तदाबाची, दुसरी कोलेस्टेरॉलची.

ओस्मो हसण्यावारी नेत होता. हिल्का मात्र हसली नाही. ओस्मोचा थोरला भाऊ एर्की असाच धडधाकट होता. एक दिवस सरपण फोडता फोडता तो कुऱ्हाडीशेजारीच कोसळला. हृदय बंद पडले. त्याला जेवायला बोलवायला गेली होती ती हिल्काच. त्या दिवसापासून अंगणात कुऱ्हाडीचा आवाज मध्येच थांबला, की तिच्या हातातले काम गळून पडायचे आणि ती खिडकीशी धावायची. हे मी शेल्फावरून कितीदा तरी पाहिले आहे.

काही आठवडे सगळे सुरळीत चालले. मग शनिवारी शेजारचा वेली आला. दोघे सौनात, म्हणजे वाफेने तापवलेल्या खोलीत बसून, तळ्यात बुडी मारून, लालबुंद तोंडांनी स्वयंपाकघरात येऊन बसले.

"त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने माझ्या पोटऱ्या धरतात रे," ओस्मो कुरकुरला.

"मग कशाला गिळतोस ती रसायनं?" वेलीने खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे घे. तांदूळ आंबवून केलंय. लाल तांदूळ. एकदम नैसर्गिक. माझी बहीण घेते, तिचा आकडा धाडकन खाली आला."

"डॉक्टरांना विचारलंस?" हिल्का म्हणाली.

"तांदूळ खायला डॉक्टरला विचारायचं? मग उद्या बटाट्याची पण चिठ्ठी आण!"

दोघे खो खो हसले. ती बाटली माझ्या शेजारी येऊन बसली. अंगावर हिरवे पान, डोक्यावर सोनेरी झाकण. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. वाटले तर मला मत्सरी म्हणा.

ओस्मोने हिल्काशी सौदा केला. "जानेवारीत पुन्हा रक्त तपासायचंय. तोपर्यंत ती गोळी बंद आणि हा तांदूळ चालू. आकडा उतरला नाही, तर तू म्हणशील ते गिळीन. पण मधे भुणभुण करायची नाही."

"बरं," हिल्का म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काही बरे नव्हते.

रविवारी ओस्मो बाहेर गेल्यावर तिने मला भरायला घेतले. आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य नावापुरताच उगवतो. म्हणून जो तो डी जीवनसत्त्वाची गोळी घेतो. माझ्या प्रत्येक घरात तिने रक्तदाबाची गोळी टाकली. मग जीवनसत्त्वाची डबी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. शेवटी ती डबी ठेवून दिली, आणि त्या जागी कोलेस्टेरॉलचीच गोळी टाकली. सातही घरांत.

"एर्कीसारखं नको," ती पुटपुटली, "माझ्या ओस्मोचं एर्कीसारखं नको."

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. तिचा जीव किती घाबरलेला होता ते मी तिच्या बोटांवरून ओळखले. माझे प्रत्येक झाकण ती दोनदोनदा दाबून बघत होती.

सोमवारी ओस्मोने मला तळहातावर उपडे केले. "ही पांढरी कसली?"

"डी जीवनसत्त्व. दुसऱ्या कंपनीचं आहे."

त्याने कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकली. पुन्हा कधी विचारले नाही. बायकोने भरलेल्या डबीकडे कोण निरखून बघतो?

पण ओस्मोही काही साळसूद नव्हता. बाटलीतली एकच कॅप्सूल घ्यायची असे ठरले होते. हिल्का पेपर आणायला फाटकापर्यंत गेली, की हा पठ्ठ्या हळूच दुसरी काढून तोंडात टाकायचा. "नैसर्गिकच तर आहे," असे स्वतःशीच म्हणायचा. त्याला जानेवारीत डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून आकडा दाखवायचा होता.

म्हणजे बघा. ती त्याच्यापासून लपवते, तो तिच्यापासून लपवतो, आणि दोघांचे गुपित ठाऊक फक्त मला. माझी झाकणे खटखटतात, पण त्यांना बोलता कुठे येते? रोज सकाळी माझा जीव टांगणीला लागायचा.

डिसेंबरात बर्फ पडू लागला. ओस्मो फावडे घेऊन अंगण साफ करायचा, वेलीबरोबर स्की करायला जायचा. मग मांड्या दुखू लागल्या, मग दंड, मग खांदे.

"बर्फाने वाट लावली माझी," तो म्हणायचा.

"बर्फाने नाही, वयाने!" वेली चिडवायचा. हिल्का रात्री मलम चोळून द्यायची. पूर्वीची गोळी बंद असताना अंग का दुखते, हा प्रश्न ओस्मोला पडला नाही. तो हिल्काला पडायला हवा होता. पडलाही असेल. पण तिने तो दाबून टाकला असावा, कारण त्याचे उत्तर तिच्याच हातात होते.

नाताळ आला. आमच्याकडे नाताळच्या ताटात बिटाची कोशिंबीर असतेच असते. उकडलेले बीट, गाजर, बटाटा, सफरचंद, सगळे बारीक चिरून. हिल्का मोठे भांडे भरून करते आणि ती पुढे कितीतरी दिवस पुरते. ओस्मो तर वाडगेच्या वाडगे चेपतो. मग दर वर्षी ठरलेली एक थट्टा होते. यंदाही झाली.

"हिल्का!" ओस्मो न्हाणीघरातून ओरडला. "बीट बाहेर आलं बघ! लघवी लाल झालीय!"

"इतकं हादडल्यावर आणखी काय होणार?" ती हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच बोलला. ती पुन्हा हसली. त्याला खुर्चीवरून उठायला टेबलाचा आधार घ्यावा लागत होता, आणि कॉफीची किटली उचलताना त्याने दोन्ही हात लावले. मी सारे पाहत होते. माझ्या पोटात त्या दिवशीही ती पांढरी गोळी होतीच. मी घट्ट मिटून राहायचा प्रयत्न केला. पण झाकण उघडायला त्याचा एक अंगठा पुरला.

मग ती सकाळ आली. हिल्का भांडी पुसत होती. ओस्मो भिंतीला धरत धरत आला आणि बाकावर धपकन बसला.

"आजही लाल?" तिने सहज विचारले.

"लाल कुठली, काळपट झालीय. कॉफीसारखी. तुझं बीट यंदा भलतंच जोरदार निघालं बाई."

हिल्काच्या हातात बिटाचे मोठे भांडे होते. रिकामे, घासलेले, कोरडे. तिने त्याच्याकडे पाहिले, मग भांड्याकडे.

"ओस्मो, बीट परवाच संपलंय."

"म्हणजे?"

"परवापासून तू बीट खाल्लेलंच नाहीस."

तिने भांडे खाली ठेवले आणि थेट फोन उचलला. आरोग्यसेवेच्या नंबरवर एक नर्स बोलू लागली. हिल्काने फोन टेबलावर, माझ्या शेजारीच ठेवला, आवाज मोठा करून.

नर्सने विचारले, दुखते कुठे, कधीपासून, लघवी किती होते, रंग कसा. मग विचारले, "कोणती औषधं चालू आहेत?"

"काही विशेष नाही," ओस्मो म्हणाला. "रक्तदाबाची एक, डी जीवनसत्त्व, आणि एक नैसर्गिक आहे. लाल तांदळाचं. कोलेस्टेरॉलसाठी."

फोनमधला आवाज एकदम सावध झाला. "किती घेता त्याच्या?"

"एक."

"आणि कोलेस्टेरॉलची डॉक्टरांनी दिलेली गोळी? ती नाही ना घेत? नीट आठवून सांगा, फार महत्त्वाचं आहे."

"नाही नाही. ती मी कधीच सोडली."

मित्रांनो, आता सगळे तिच्या हातात होते! हिल्का माझ्याकडे बघत होती. बोलली असती, तर इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्यावर ठेवलेला विश्वास जाणार होता. गप्प राहिली असती, तर नवराच जाणार होता. बोल, हिल्का, मी मनात आक्रोश करत होते, बोल ग बाई!

"घेतो," ती म्हणाली. "रोज घेतो. त्याला माहीत नाही. मीच देते, जीवनसत्त्वाची म्हणून सांगून."

ओस्मोने मान वर केली. तो तिच्यावर ओरडेल असे मला वाटले. तो ओरडला नाही. मग फोनकडे तोंड करून तो म्हणाला, "आणि कॅप्सूल एक नाही. दोन. मी दोन घेतो."

"दोन्ही आत्ताच्या आत्ता बंद," नर्स म्हणाली. "रुग्णवाहिका पाठवते. डबी आणि बाटली बरोबर आणा."

हिल्काने मला कोटाच्या खिशात टाकले. त्याच खिशात ती बाटलीही होती. बर्फाच्या रस्त्याने गाडी हिंदकळत होती, आणि आम्ही दोघी एकमेकींवर आपटत होतो. वाटेत हिल्काचा हात सारखा खिशात येत होता. तो बर्फासारखा गार होता.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एका हातात माझ्यातली गोळी घेतली, दुसऱ्या हातात कॅप्सूल.

"तुम्हाला या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या," त्या म्हणाल्या. "पण या जणू सख्ख्या बहिणी आहेत. गोळीत जे औषध असतं, जवळजवळ तेच या तांदळात आंबताना आपोआप तयार होतं. नैसर्गिक असलं, तरी औषध ते औषधच. तुमच्या शरीरात त्याचा मारा झाला. स्नायू तुटायला लागले, आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडांत अडकतोय."

"वाचेल ना तो?" हिल्काने विचारले.

"आज आलात म्हणून आशा आहे. मूत्रपिंडं सावरतात का, ते बघावं लागेल."

ते बघण्यात कितीतरी दिवस गेले. ओस्मोच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. मी उशाशी होते, रिकामी. यंत्राने रक्त धुवावे लागेल की नाही यावर डॉक्टर रोज कुजबुजायचे, आणि हिल्का रोज दाराशी उभी राहून त्यांचे चेहरे वाचायची. शेवटी लघवीचा रंग उतरू लागला. नर्सने ती बातमी सांगितली, तेव्हा हिल्का खुर्चीत बसून ढसाढसा रडली.

पण ओस्मो तिच्याशी बोलत नव्हता. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणाला, "यात काय आहे?"

"पाणी," ती म्हणाली.

सूप दिले, तर पुन्हा तेच. "यात काय आहे?"

"गाजर, बटाटा, मीठ." प्रत्येक वेळी ती मान खाली घालून खरे ते सांगायची. एकदाही चिडली नाही. मला मात्र रडू येत होते. डबीला रडता येत नाही, हे तिचे दुर्दैव.

ओस्मो घरी आला. ती बाटली औषधांच्या दुकानात गेली, नष्ट करायच्या औषधांच्या पेटीत. कोलेस्टेरॉल मात्र काही कुठे गेले नव्हते. म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची गोळी दिली. या वेळी दोघांना समोर बसवून, नीट समजावून. ती गोळी पुन्हा माझ्याच पोटात आली.

आता तुम्हाला माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरी कोणी बाटलीतले, पुडीतले, पानाफुलांचे काही घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला लावा. लाजू नका, हट्ट धरा. आणि माया असली, तरी कोणाच्या तोंडात न सांगता काही घालू नका. माझ्यासारख्या डबीत कोणीही काहीही भरू शकते, आणि मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.

ओस्मोने रोज सकाळी मला उघडून हिल्कासमोर धरायचे आणि एकेका गोळीवर बोट ठेवून विचारायचे, असा परिपाठ पडला. "ही कसली?" ती सांगायची. "आणि ही?" ती सांगायची. आधी त्याच्या आवाजात धार असायची. हळूहळू ती कमी झाली. बाहेर तळ्यावरचा बर्फ पातळ होऊ लागला होता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्याने मला तळहातावर उपडे केले आणि काहीच न विचारता हात तोंडाकडे नेला. मला वाटले, झाले, त्याने माफ केले. हिल्का खूश होईल.

हिल्काने त्याचे मनगट घट्ट धरले.

"विचार," ती म्हणाली. "आधी मला विचार."