दहापासून एकपर्यंत

आमच्या इमारतीत वर्षअखेरीच्या सुट्टीला खालच्या हॉलमध्ये मेजवानी असते आणि शेवटी पोरं शंभर फुगे एकदम फोडतात. माझी भाची बिट्टी, दादाची मुलगी, आठ वर्षांची. घरात मिक्सर लागला तरी तिचे हात कानांवर. गेली दोन्ही वर्षं दादानं तिला फुग्यांच्या आधीच उचलून घरी नेलं होतं. यंदा तिनं आम्हाला बजावलं, शेवटपर्यंत थांबायचं म्हणजे थांबायचं.

बिट्टीचे केस मीच कापते. कात्रीच्या आवाजानं ती किंचाळायची. मग मी आधीच सांगू लागले, पाच वेळा कात्री चालेल आणि थांबेल; तशी ती बसू लागली. आवाज कधी येणार नि कधी संपणार, एवढं कळलं की ती तग धरते. तेच फुग्यांसाठी केलं. महिनाभर रोज दहापासून उलटं मोजायचं आणि एक फुगा फोडायचा. आधी शेजारच्या खोलीत, मग दारात, मग तिच्यासमोर. दादाच्या मते मी पोरीच्या जिवाशी खेळत होते.

हॉलमध्ये आम्ही दाराजवळ बसलो. ताटल्यांचा खणखणाट, खुर्च्यांची करकर, त्यात सगळे एकदम बोलणारे. बिट्टीची नखं माझ्या मनगटात रुतली होती, पण ती जागची हलली नाही. मी मोजायला लागले. अख्खा हॉल माझ्यामागून मोजू लागला. तीन, दोन, एक.

काहीच झालं नाही. पोरं टाचण्या खाली करून उभी आणि मोठी माणसं बिट्टीकडे कौतुकानं बघत होती. दादानं घरोघरी जाऊन सगळ्यांना विनवलं होतं, फुगे फोडू नका म्हणून.

बिट्टी थरथर कापायला लागली. ठरल्या वेळी आवाज आला नाही, म्हणजे तो आता कधीही येणार होता. ती खुर्चीखाली शिरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, तिच्या महिनाभराच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस तू."

त्याचा चेहरा पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि सवयीनं तिला उचलायला हात पुढे केले.

"आत्या, परत मोज," खुर्चीखालून आवाज आला. "एकच फुगा. बाबा फोडेल."

दादानं एका पोराकडून टाचणी घेतली. मी तीनपर्यंत आले आणि ती म्हणाली, थांब. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"दोन," तिनं स्वतःच म्हटलं. "एक."

फुगा फुटला. दादाच दचकला. बिट्टी हमसून हमसून रडू लागली आणि मला वाटलं, संपलं सगळं. दादानं तिला कडेवर घेऊन दार गाठलंसुद्धा. तिनं दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली.

"बाबा, मी फक्त रडतेय," ती म्हणाली. "मला घरी नाही जायचं."

दादानं तिला खाली ठेवलं.