पाचवा वर्ग

लिओबाचं काम कानाचं. अकॉर्डियनच्या पोटात ज्या पोलादी पट्ट्या थरथरतात, त्यातली एकेक हातात घ्यायची. टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. लग्नाआधीपासून ती हेच करत होती. अकरा माणसांच्या त्या कारखान्यात खिडकीजवळचं बाक तिचं, आणि ते मागायची कुणाची छाती नव्हती. घरी तिला कुणी हुशार म्हणत नसे. बाकावर बसली की तिला ते कुणी म्हणायची गरजही वाटत नसे.

सप्टेंबरात सासूबाई पडल्या. इमारतीचा जिना झाडायची त्या आठवड्याची पाळी त्यांची, आणि आपल्या दक्षिण जर्मनीतल्या श्वाबी लोकांत एक वेळ नवरा चुकेल पण झाडायची पाळी चुकायची नाही. ऐंशीच्या पुढची बाई झाडू घेऊन उभी राहिली आणि चार पायऱ्या खाली आली. खुबा मोडला. ऑक्टोबरअखेर घरी सोडतील, पण दिवसभर माणूस लागेल, असं दवाखान्यानं सांगितलं.

त्या रात्री मसूर आणि श्पेट्झ्लेच्या जाड शेवया खाऊन झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, फोल्कमारनं, ताटल्या सरकवल्या आणि दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या.

"मी कशाला बोलू? हातच्या काकणाला आरसा कशाला! तूच बघ, कुणी घरी बसलेलं परवडतं ते."

तिच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ त्याच्या निम्म्याहून थोडी वर.

"अरे, वरची ओळ बघ ना," लिओबा म्हणाली. "कापायच्या आधी तुझ्यामाझ्यात फारसा फरकच नाही. तू कराच्या तिसऱ्या वर्गात, मी पाचव्या. दोघांची सूट तुझ्या पदरात, कात्री माझ्या पदरात. तुझा कर माझ्या पगारातून जातोय."

"वरच्या ओळीनं भाडं भागत नाही, लिओबा. हातात काय येतं ते बोल."

आता ह्यात फोल्कमारला दुष्ट म्हणावं, तर तो तसा नव्हता. ह्या देशात लग्न झालं की नवरा तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्यात, हे इतकं ठरलेलं की लग्नाच्या केकचा रंग ठरवायला जास्त वेळ लागतो. महिन्याला घरात चार पैसे जास्त येतात, आणि वर्षाअखेरीला दोघांचा कर एकत्रच धरतात, म्हणजे नुकसान काही नाही, असं जो तो सांगतो. खरंच आहे, वर्षाचा हिशेब सारखाच येतो. पण इतक्या वर्षांत रोज सकाळी 'तुझ्या त्या खरवडण्याचं काय एवढं' हे जे ऐकावं लागलं, ते वर्षाअखेरीला कोण परत करतं? तिला तेव्हा रडूच आलं, आणि ते तिनं भांडी घासताना उरकलं.

दुसऱ्या दिवशी ती इर्मट्राउटकडे गेली. ही मालकाची बहीण. पगार काढायचं काम तिचं.

"मग दोघंही चौथ्यात जा की," इर्मट्राउट म्हणाली. "तिथे ज्याचा त्याचा कर ज्याच्या त्याच्या पगारातून. कर-कचेरीत अर्ज टाक, तुझ्या एकटीची सही चालते."

"ह्या महिन्याच्या चिठ्ठीत दिसेल?"

"छे गं! पुढच्या. आणि त्याचा पगार घसरेल बरं का, घरी आधी हेल्मेट घाल."

लिओबा हसली आणि अर्ज टाकून आली. पण घरी परत पगाराचा विषय काढला, तर अर्जाचं सांगण्याआधीच फोल्कमार म्हणाला, "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! चिठ्ठी दाखव, मग बोल." आणि चिठ्ठी तर पुढच्या महिनाअखेरीला येणार. राजीनामा मात्र एक महिना आधी, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत द्यावा लागणार होता. रजा देऊन जागा राखून ठेवणं अकरा माणसांच्या कारखान्याला जमत नव्हतं. मालकानं ते मान खाली घालून सांगितलं.

तरी ती अडून बसली असती. पण दवाखान्यात सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "परक्या बाईनं मला आंघोळ घालायची, ह्यापरीस मी गेलेली बरी. तू असशील ना गं, लिओबा?"

म्हातारीनं तिला कधी वाईट शब्द ऐकवला नव्हता. सप्टेंबर संपताना लिओबानं राजीनामा दिला. महिनाभर तिनं एका पोरसवदा बाईला खिडकीजवळच्या बाकावर बसवून कुठे किती खरवडायचं ते शिकवलं. ती बाई चांगली होती, आणि ह्याचंच लिओबाला जास्त वाईट वाटलं.

ऑक्टोबरच्या अखेरीला सासूबाई घरी आल्या, आणि त्याच दिवशी चिठ्ठ्याही आल्या. फोल्कमार आपली उघडून ओरडलाच.

"हे काय? माझा पगार कापलाय! गाढवं बसलीत सगळी तिकडे!"

"गाढवं नाहीत. आपण चौथ्यात गेलोय. मी अर्ज केला होता." लिओबानं आपली चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं ती वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग आपली तिच्या शेजारी ठेवली. दोन शेवटच्या ओळी आता शेजारीशेजारी, जवळजवळ बरोबरीनं उभ्या होत्या. त्याचे कान लाल झाले होते.

"अगं, एवढा पगार होता तुझा?"

लिओबानं वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"उद्या जाऊन सांग ना त्यांना. म्हणावं, चूक झाली."

"बाक दिलं रे तिला. ती बसते तिथे आता."

"पण मग..." तो चिठ्ठीकडे बघत खरंच कळवळून म्हणाला, "आधी सांगायचं नाही का?"

आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली. त्यांची आंघोळीची वेळ झाली होती. लिओबानं बाह्या वर सारल्या आणि ती आत गेली.