पट्टा थांबलाच नाही

जाफराबादजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या पट्ट्याची नवी कंट्रोल पेटी बसवायला अंतरा जालन्याहून आली होती. पेटीतला सी भाषेतला प्रोग्राम तिनेच लिहिलेला. चाचणी सुरू झाली आणि पट्ट्यावरचा काडीकचरा वेचणाऱ्या नंदाबाईंचा गळ्याभोवती घेतलेला पदर रोलरमध्ये गेला.

"बंद कर! जल्दी!" नंदाबाई ओरडल्या.

अंतराने पेटीवरचं लाल बटण दाबलं. लाल दिवा लागला. पट्टा चालतच राहिला. तिने पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. नंदाबाईंचा गळा आवळत चालला, तोंडातून आवाज फुटेना. तेवढ्यात फोरमन सर्जेराव भिंतीकडे धावला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला.

पदर कापून काढला. गळ्यावर लालभडक वळ उठला होता.

"बटण दाबलं न्हाई का गं तू?" नंदाबाईंनी कसंबसं विचारलं.

"दाबलं, मावशी."

"मंग?"

सर्जेराव नंदाबाईंना दवाखान्यात घेऊन गेला. अंतराने लॅपटॉप उघडून प्रोग्राम काढला.

पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या लूपच्या आत 'स्विच' नावाची निवड करणारी आज्ञा, त्यात बटणाची केस. केसमध्ये दिवा लावायची ओळ, तिच्याखाली 'ब्रेक', म्हणजे इथून बाहेर पड. मोटार बंद करायची ओळ लूपच्या बाहेर. तो ब्रेक आपल्याला लूपबाहेर नेईल, असं ती धरून चालली होती. तो फक्त स्विचमधून बाहेर पडत होता. लूप पुन्हा फिरत होता, मोटारही. ऑफिसात टेबलावर चाचणी घेताना तिने नुसता दिवा बघितला होता आणि खूश झाली होती. एवढ्या एका शब्दापायी बाईचा जीव गेला असता.

तिने ब्रेकच्या जागी गोटू घातलं, थेट मोटार बंद करायच्या ओळीवर नेणारं.

"चुकी सापडली ना?" मालक काकासाहेब म्हणाले. "मंग करा चालू. गाड्या खोळंबून राह्यल्या."

"नाही, काकासाहेब. माझी चूक झाली, अजूनही होऊ शकते. बटणाची वायर सरळ मोटारीचा करंट तोडेल अशी जोडा. तोवर पट्टा चालणार नाही."

काकासाहेब चिडले, पण त्यांनी वायरमनला बोलावलं.

दुपार कलताना नंदाबाई गळ्याला मलम लावून परतल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. वायर जोडून झाली होती. अंतराने पट्टा सुरू केला, बटण दाबलं. पट्टा जागीच थांबला.

"अजून एकदा दाखव," नंदाबाई म्हणाल्या.