यंत्राला नाक-डोळे

"कपाटाएवढं लोखंड असलं म्हणून काय झालं, साहेब? असा चेहरा देतो की लोक त्याला खुर्ची पुढे करतील!" चित्रकारानं ब्रश कानामागे खोचत सांगितलं.

नव्या गणकयंत्राची जाहिरात होती. भिंतभर करडं धूड, लुकलुकते दिवे. लोक बिचकत होते.

पहिल्या चित्रात यंत्र गालातल्या गालात हसलं.

"हा विमा विकायला आलाय," साहेब म्हणाले.

दुसऱ्यात त्याला हात फुटले, तर टायपिस्टबाईंनी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तिसरं रडवेलं झालं.

"उद्या सकाळी चेहरा आणा, नाहीतर घरी बसा. तुमच्या जागेवर फोटोवाला टपूनच बसलाय."

चित्रकार घरी येऊन येरझाऱ्या घालू लागला. पेन्सिल चावून चावून अर्धी झाली. कोपऱ्यात सासरे पेपर वाचत होते. बँकेच्या खिडकीमागे सारी हयात आकडेमोड करत आलेला माणूस. चेहऱ्यावर ना राग, ना घाई.

"मामा, हलू नका!"

"अख्ख्या नोकरीत हललो नाही, आता कुठं हलतोय?"

चित्रातल्या यंत्रावर चष्म्याच्या फिरत्या तबकड्या झाल्या, मिशीखाली कागद बाहेर यायची फट. साहेब खूश. खाली ओळ छापली: 'दमत नाही, रजा मागत नाही, उलट बोलत नाही.' चित्रकाराची नोकरी वाचली.

महिन्याभरानं सासरे भर दुपारी घरी आले. हातात न उघडलेला डबा.

"जावईबापू, तुमचं पोस्टर आमच्या बँकेत लागलं. यंत्रही आलं. माझ्याच टेबलाच्या जागी."

चित्रकार उठला, बसला, परत उठला.

"मामा, मला काय ठाऊक..."

"नाक मात्र झकास जमलंय," सासरे म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

पण खऱ्या यंत्राला नाकच नव्हतं. गिऱ्हाईकं बिथरली. "पोस्टरवरचे गृहस्थ कुठायत?" बँकेनं सासऱ्यांना परत बोलावलं. काम काहीच नाही, फक्त यंत्राशेजारी बसायचं.

"बघा, माझ्या ब्रशनं मामांना परत नोकरीला लावलं!" चित्रकार भेटेल त्याला सांगत सुटला.

पहिल्याच दिवशी जेवणानंतर सासऱ्यांना डुलकी लागली. यंत्र शेजारी धडधडत होतं. तरी यंत्र बंद पडल्याची गिऱ्हाईकांची तक्रार गेली. दुरुस्तीवाला आला आणि हत्यारांची पेटी उघडून सासऱ्यांसमोर बसला.