कुंकवाने बुजलेलं तोंड

मी एक जुनी चार्जिंगची वायर आहे. मानेला काळी चिकटपट्टी, अंगाला पीळ. पण मित्रांनो, हसू नका. एक मेलेला माणूस रोज दिवेलागणीला माझ्या जिवावर बोलतो.

पलूसच्या बाजारातून मला लालासाहेबांनी आणलं. फौजेतून आल्यावर ते पुण्याला वॉचमन होते. घरी अंबूबाई एकट्या. मोबाइलवर ते आवाजाचे निरोप पाठवत. मग एकदा ड्यूटीवरच त्यांची छाती दुखली आणि घरी माणूस आला नाही, माती आली.

तेव्हापासून बाई सांज झाली की मला मोबाइलला लावत. बॅटरी पार मेलेली, माझ्याशिवाय तो डोळा उघडायचा नाही. मग लालासाहेबांचा शेवटचा निरोप वाजे, "पोचलो बग. जेवलीस का?" बाई म्हणत, "व्हय, जेवले." चूल पेटलेलीसुद्धा नसायची. माझ्या तारांतून काटा सरसरत जाई.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, कुदळ, मोटर सगळ्यांची पूजा होते. यंदा बाईंनी मोबाइलही पाटावर मांडला. नांगराच्या फाळाला टोकाशी कुंकू लावतात ना, तसं त्यांनी मोबाइलच्या खालच्या भोकाला लावलं. आवाज तिथनंच येतो, अशी त्यांची समजूत. स्वतःच्या कपाळाला लावायचं बंद झालेलं ओलं कुंकू त्यांनी त्या तोंडात बोटाने दाबून दाबून भरलं. अहो, ते माझं बसायचं भोक होतं!

कुंकू वाळून खडा झालं. मी आत जाईना. मुलगा जयराज आला, खापर माझ्यावरच फोडलं आणि मला खुंटीला टांगलं. नवी वायर आणून जोर केला, तीही बसेना. शेवटी म्हणाला की नवा मोबाइल घेऊ. बाईंनी एवढंच विचारलं, "त्यात त्येंचा आवाज असंल का रं?" आवाज त्या बंद डबड्याशिवाय कुठेच नव्हता. त्या सगळ्या सांजा लालासाहेबांचा निरोप वाजला नाही. मी खुंटीवरून वाट बघायची, आणि मला भीती वाटायची की ते आतच अडकलेत.

बाईंनी मला पदरात बांधलं आणि पलूसला प्रियदर्शनीच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिने मोबाइल बंद आहे ना ते बघितलं, स्पिरिटचा थेंब सोडला, मऊ ब्रश फिरवला, लाकडी काडीने कडेकडेने खरवडलं. पांढऱ्या कापडावर लाल चुरा पडला. सुई घालत जाऊ नका, आतली पट्टी मोडते, असं तिने बजावलं. बाईंनी हट्टाने मलाच पुढे केलं. मी आत बसले. काच उजळली.

प्रियदर्शनीचं बोट भलत्याच, जुन्या निरोपावर पडलं. बाई तो एकदा ऐकून विसरल्या असाव्यात. दुकानात लालासाहेब बोलले, "अंबू, वायर दोरीगत वढत जाऊ नगंस. टोकाला धरून हळू काढ. तुटली तर मी बोलायचा कुठनं?"

बाई तिथेच खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.

मित्रांनो, वायरीला हिसका देऊ नका, भोकात पाणी, पीठ, काही जाऊ देऊ नका. कुणाचं काय तेवढ्यावर टिकून असतं, सांगता येत नाही. आता बाई मला टोकाला धरूनच काढतात. निरोप वाजून संपलेला असतो, घरात दुसरं कुणी नसतं, तरी काढताना हळूच म्हणतात, "व्हय, वढत न्हाई."

हे त्या मला सांगत नाहीत.