नूरजहांनं दिलं ते

"अकील, कब्रस्तानात खड्डा खणून ठेव बे. लिंबाखाली. लहानसाच पाह्यजे," गफ्फार फोनवर धाकट्या भावाला सांगत होता. नागपूरच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचं, नूरजहांचं, एक स्तन काढायचा होता. कॅन्सर होता. अंगातून निघालेलं कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, मातीत द्यायचं, ही घरची रीत. नांदुऱ्यात जन्मभर गाद्या भरणारा हा माणूस एरवी कशावर अडून बसायचा नाही. इथं मात्र बसला.

आणि अडवणारी कोण, तर पोटची पोर! नाजिश नागपुरातल्याच एका प्रयोगशाळेत नुकती लागली होती. आयुष्यातली पहिलीच फेलोशिप. कॅन्सरच्या गाठीत शरीराचे शिपाई, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, कुठं कुठं उभे असतात, त्याचा नकाशा काढायचा. त्यासाठी पेशंटकडे गाठीचा तुकडा मागायचं कामही नव्या पोरीच्याच गळ्यात पडलेलं. परक्यांपुढं तिला सवय झाली होती. बापापुढं जीभ उचलेना.

"अब्बा, डॉक्टरची तपासणी झाली का तुकडा उरते. थो आमाले..."

"तोंड सांभाळ! मायले कयामतच्या दिवशी अधुरी उठवतं काय?"

"मी रोज दुसऱ्याच्या मायचा मांगतो, अब्बा. माह्या मायचा नोको म्हनलं, तं उद्या कोण्या तोंडानं मांगू?"

गफ्फारला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. खाटेवर नूरजहां सगळं ऐकत होती.

"माह्या अंगावरून भांडता काऊन? मले तं इचारा."

"सांग मंग," गफ्फार म्हणाला.

"हे पोट्टी त्याच्यावरच वाढली. तिचाच हक हाय. नेऊ दे तिले." मग ओढणी तोंडावर घेत ती हळूच म्हणाली, "कुठून काय गोळा करायचं, अल्लाले मालूम हाय."

गफ्फारनं पुन्हा फोन लावला. "बुजव बे थो खड्डा."

नूरजहां वर्षभर जगली. मग दुखणं फुप्फुसात निघालं आणि रमजानच्या तोंडावर ती गेली. आपल्या हातांनी तिला कबरीत उतरवताना गफ्फारला वाटलं, आपण बायकोला अपुरीच पोचवली. मग तो लेकीशी बोलेनाच. तिचा फोन वाजत राहायचा, हा गादीत कापूस कोंबत बसायचा. ईद झाली, आणि न सांगता तो तिच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"दाखव मले."

नाजिशनं घाईघाईनं संगणक लावला. पडद्यावर गाठींची चित्रं आली, लाल आणि हिरव्या ठिपक्यांची.

"लाल थो कॅन्सर, अब्बा. हिरवे आपले शिपाई. पाहा ना, भाईरच उभे हायेत. अंदर काऊन जात नाहीत, तेच शोधून राह्यलो आमी."

"याच्यात तुही अम्मी कोणती?"

नाजिशला हुंदका आवरेना. "नाव नसते, अब्बा. नंबर असते नुसता. मलेबी मालूम नाही."

गफ्फारनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मंग एकेक दाखव," तो म्हणाला. "साऱ्याच दाखव."

त्यानं खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली, हात उचलले आणि पहिल्या चित्रापासून, कबरीवर पढतात तो फातेहा पढायला घेतला.